लाख फोडलेलं शिफारसपत्र

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे व शाळा समितीचे सन्माननीय सभासद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते दत्तोबा मास्तर, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधी बातमी सांगतो. वीस वर्षं पुण्याच्या वर्तमानपत्राला इथली बातमीपत्रं पाठवतो आहे, त्यामुळे दुसरं काही आधी सांगता येत नाही. आज सकाळी साडेनऊ वाजता लोणावळ्याच्या तारऑफिसात विलायतेहून तार आली. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि सध्या तळेगावच्या काच कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे कोंडाजी भिमाजी येवले यांना तिथल्या विद्यापीठात काचेच्या शास्त्राच्या वरच्या परीक्षेसाठी प्रवेश मिळाला आहे. पोस्टमास्तरांनी दुजोरा दिला. तार मी स्वतः पाहिली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला हजर व्हावे, पत्र मागाहून येत आहे, एवढाच मजकूर आहे. कोंडाजी तिसऱ्या रांगेत बसले आहेत. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ताच वाजवा, नंतर पत्र्यावरच्या पावसात त्या ऐकू येणार नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सत्कार मास्तरांचा आणि हे गृहस्थ कोंडाजींची बातमी का सांगतात? त्याला कारण एक पत्र आहे.

शिफारसपत्र म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? माझ्या पेटीत एक आहे. एका साहेबाने मला ते एकोणीसशे बारा साली दिलं. चालचलणूक उत्तम, घराणं अब्रूदार, आज्ञाधारक. साहेबाने मला एकदाच पाहिलं होतं, आणि तेही पाठीमागून. तरीही मी ते पत्र मेणकापडात जपून ठेवलं आहे. आपण सगळेच ठेवतो.

दत्तोबा मास्तरांची रीत निराळी. चौतीस वर्षांत त्यांनी दिलेलं प्रत्येक पत्र आधी विद्यार्थ्याला समोर बसवून वाचून दाखवलं. त्यात त्याचा एक दोष असायचाच. आमच्या स्टेशनावरच्या एका तारमास्तरांच्या पत्रात "हा घाईने बोलतो व मग पस्तावतो" असं आहे. ते गृहस्थ आज इथे आहेत. मी नाव सांगत नाही, ते स्वतःच आत्ता हसले.

यंदा मात्र अडचण आली. विद्यापीठाला तीन पत्रं हवी होती, आणि अट अशी की ती बंद पाकिटात, लाख लावून यावीत. अर्जदाराने ती पाहू नयेत. शिष्यवृत्तीची सोय झाली होती. अडलं होतं ते प्रवेशाचं, आणि प्रवेश अडला होता या पत्रांवर. दोन पत्रं पुण्याहून परस्पर गेली. तिसरं मास्तरांचं. त्यांनी ते लिहिलं, लाख लावली, आणि कोंडाजींचे वडील भिमाजीराव बाजाराला आले होते त्यांच्या हाती टपालात टाकायला दिलं. मास्तरांची चूक झाली असेल तर ती एवढीच.

कारण औंढे गावातल्या येवल्यांच्या घरचा एक नेम मास्तरांना ठाऊक नव्हता. त्या घरातून कोणताही कागद वाचून घेतल्याशिवाय बाहेर जात नाही. भिमाजीरावांच्या वडिलांनी एका कागदावर न वाचता अंगठा दिला, आणि टेकडीखालचा माळ गेला. तेव्हापासून हा नेम. पाकिटाला लाख असली म्हणून नेम कसा मोडायचा? भिमाजीराव पाकीट घेऊन घरी गेले आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या बजरंगरावांकडून त्यांनी ते वाचून घेतलं. बजरंगरावांचं इंग्रजी चांगलं आहे. दोष त्यांचा नाही. पहिलं पान संपताच भिमाजीरावांनी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, मी शाळेच्या निकालाचे आकडे घ्यायला मास्तरांच्या ओटीवर बसलो होतो. साडेदहाच्या सुमारास भिमाजीराव आले. मागे त्यांच्या पत्नी रतनबाई. भिमाजीरावांनी फोडलेलं पाकीट मास्तरांसमोर ठेवलं.

"मास्तर, पोरगं आमी तुमच्या हवाली क्येलतं. अन् तुमी त्येला सायबाच्या म्होरं चोर ठरवला?"

"चोर कुठे लिहिलंय, भिमाजीराव?"

"मोडलं, लपवलं, अकरा दिवस खोटं बोलला. मग ऱ्हायलं काय?"

पत्रात तसं होतं खरं. मॅट्रिकच्या वर्षी शाळेचा एकुलता एक वायुभारमापक कोंडाजींच्या हातून फुटला. त्यांनी पारा दौतीत गोळा करून ती कपाटामागे ठेवली, आणि अकरा दिवस "मला ठाऊक नाही" म्हणून सांगितलं.

"दुसरं लिवा," भिमाजीराव म्हणाले. "घर चांगलं हाय, कुनाच्या अध्यात न्हाई, पोरगं हुशार हाय. खोटं हाय का त्यात कायी?"

"खोटं नाही. पण ते माझ्यावाचून कोणीही लिहील. दुसरं मागता, तर दुसरं लिहीन. पण हेच लिहीन."

"मंजी पोरगं जाऊ नये, असं मनात हाय तुमच्या!"

मास्तरांचा चढलेला पारा मी पाहिला आहे. त्या दिवशी तो चढला नव्हता. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. परदेशी टपालाची थैली चार वाजता बंद होणार होती. ती चुकली तर पत्र मुदतीत पोचणार नव्हतं, आणि वर्ष गेलं असतं. तेव्हा दारातच उभ्या असलेल्या रतनबाई म्हणाल्या,

"अकरा दिस झालं. मग बाराव्या दिशी काय झालं, मास्तर?"

ते कोणी विचारलंच नव्हतं. मास्तरांनी दुसरं पान काढलं आणि एकेका वाक्याचं मराठी करून सांगितलं. शाळेच्या दप्तरात त्याची नक्कल आहे, म्हणून मीही सांगू शकतो. बाराव्या दिवशी कोणी न विचारता मुलाने दौत आणून टेबलावर ठेवली. त्यानंतर दर रविवारी तो तळेगावला गेला. भट्टीवरच्या कामगारांकडून काचेच्या नळ्या मागून आणल्या आणि एक तोंड ज्योतीवर बंद करायला शिकला. सतरा नळ्या तडकल्या. अठरावी टिकली. त्या नळीचा वायुभारमापक आजही शाळेत टांगलेला आहे. आणि शेवटचं वाक्य असं: "तो अर्धा इंच कमी दाखवतो, कारण नळीत थोडी हवा राहिली आहे, हे मला त्यानेच सांगितले."

"तरीच!" रतनबाई म्हणाल्या. "दर आयतवारी तळेगावला पळायचा. मला वाटलं, कुटं पोरगी बघून ठिवलीया."

भिमाजीराव मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पानं जुळवून मास्तरांपुढे सरकवली. मग म्हणाले, "ह्येच जाऊ द्या. पर लाख म्या फोडली. त्येचं काय?"

मास्तर म्हणाले, "नवं पाकीट करून लाख लावता येईल. कोणाला कळणार नाही. पण मला कळेल."

"मग फोडली म्हणून लिवा."

मास्तरांनी पत्राखाली दोन ओळी लिहिल्या: हे पाकीट अर्जदाराच्या वडिलांनी फोडले, सर्व वाचून घेतले, आणि ते खरे असल्याचे ते सांगतात. भिमाजीरावांनी त्याही ओळी मराठीतून ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "आता आना शाई. न वाचता दिला त्यो अंगठा आमच्या बाचा व्हता. ह्यो वाचून दिलेला हाय." शाळेच्या शिक्क्याची जांभळी शाई होती. त्या शाईत भिमाजीरावांचा अंगठा घेऊन पत्र साडेतीनला थैलीत पडलं. मी स्वतः पाहिलं.

पुण्याच्या प्राध्यापकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, अर्ज बाद झाला असं समजा. त्यांचंही बरोबर होतं. अट ती अट. कोंडाजींना मी परवा विचारलं, तुम्ही त्या दिवशी ओटीवर असता तर काय केलं असतं? ते म्हणाले, "मी मास्तरांच्या पाया पडून पहिलं पान काढायला सांगितलं असतं." अकरा आठवडे त्या घरी पोस्टमनची वाट पाहणं चाललं होतं. रतनबाईंनी आज मला सांगितलं की भिमाजीराव या काळात मास्तरांविषयी एक शब्द वाईट बोलले नाहीत, आणि एक शब्द चांगलाही बोलले नाहीत.

तेव्हा मास्तरांच्या पत्राने प्रवेश मिळाला, असं मी आज म्हणू का? म्हणता आलं असतं तर भाषण फार छान झालं असतं. पण तीन पत्रं गेली होती आणि तारेत कारण दिलेलं नाही. कोणत्या पत्राने काम केलं हे विद्यापीठाला ठाऊक. जे मला खात्रीने ठाऊक आहे ते इतकंच, की त्या तिन्हींपैकी एका पत्रात खरे कोंडाजी होते.

मानपत्र लिहिण्याचं काम समितीने माझ्याकडे दिलं. मानपत्र हेही एक शिफारसपत्रच, नाही का? मी ते मास्तरांच्या रीतीने लिहिलं आहे. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला तोंडावर शाबास म्हटलं नाही, हे त्यात आहे. घंटा झाल्यावर दार लावून घेण्याच्या हट्टापायी एकदा तपासणीला आलेले अधिकारी पाऊण तास व्हरांड्यात उभे राहिले, हेही आहे. समितीत यावर मतं घेतली गेली. चार विरुद्ध तीन. तीन सभासदांची मी जाहीर क्षमा मागतो. दुसऱ्या पानावर काय आहे ते आत्ता सांगत नाही.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे. शाळा समितीने बोलण्याची संधी दिली, येवले कुटुंबाने घरची गोष्ट चार माणसांत सांगायला परवानगी दिली, त्यांचेही आभार. तपशिलात कुठे उणं-अधिक झालं असेल तर मास्तर समोरच आहेत; ते वहीत लाल शाईने लिहितील आणि मी ते स्वीकारीन.

आता पुढचं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोंडाजी मुंबईला बोटीवर चढतील असा अंदाज आहे. त्याआधी, म्हणजे आणखी पाच मिनिटांत, अध्यक्ष महाराज मानपत्र वाचतील. दोन्ही पानं वाचतील. तशी भिमाजीरावांची ताकीद आहे. मजकूर खरा वाटला तर ते वर येऊन खाली अंगठा देणार आहेत, नाही वाटला तर देणार नाहीत, असं त्यांनी मला दारातच सांगितलं. जांभळ्या शाईची डबी टेबलावर उघडून ठेवली आहे.