तळघरातली घंटा

कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, बाकावर माझ्या शेजारी दोघं बसली होती: एका हॉटेलात झाडलोट करणारी बाई आणि तिथलाच वायरमन.

“तू कशाला रजा काढलीस रे? आले असते मी एकटी.”

“असू दे, मावशी.”

“हॉटेलच्या तळघरात थंड पेयांत फेस आणणारा तो गॅस सुटला. त्याला ना रंग, ना वास. मी आडवी झाले, पण धोक्याची घंटा ऐकल्याचं आठवत नाही. साहेब म्हणतात, बहिऱ्या बाईला कामावर कशी ठेवू? घरात तर नातसुद्धा आता कानाला तोंड लावून बोलते.”

“मावशी, कान चांगले आहेत तुमचे.”

“तू कधी डॉक्टर झालास?”

“घंटा वाजलीच नव्हती. गॅस मोजणारं यंत्र मीच आगीच्या घंटेला जोडलं होतं. जरा गॅस वाढला की सगळं हॉटेल जिने उतरून रस्त्यावर, आणि शिव्या मला. म्हणून वायर काढली. परत लावायची राहिली.”

“साहेबांनी तर नंतर त्या यंत्रावरूनच वाजवून पाहिली. खणखणीत वाजली म्हणे.”

“तुम्हाला दवाखान्याच्या गाडीत घातलं, तेवढ्यात मी वायर लावून आलो.”

“आधी वायर? मग मी?”

“तोंड दाखवायची लाज वाटते, मावशी.”

आतून तिचा नंबर पुकारला. तिने पदर सावरला आणि ती जिन्याकडे वळली.

“चल. साहेब जेवायला जायच्या आत पोचू. बोलायचं तू. मी शेजारी उभी राहून ऐकेन.”