निष्काम चेंडू

कामठी स्टेशनावर नत्थूजी सुजलेला पाय बाकड्यावर घेऊन बसला होता. इतवारीच्या वैद्याकडे जायचं, तर गाडीचा पत्ता नव्हता. शेजारी बायको वच्छला. तेवढ्यात मागच्या बाकड्यावर, त्यांच्याकडे पाठ करून, दोन गृहस्थ येऊन टेकले. एकाचा आवाज नत्थूजीनं लगेच ओळखला. रावसाहेब मनोहरराव. छावणीच्या मैदानावर दर रविवारी त्यांच्या गोल्फच्या काठ्या नत्थूजीच वाहत असे.

“गोल्फ हा खेळ नाही, बापूसाहेब, साधना आहे. पूर्वी चेंडू काट्यात गेला की मी जळफळायचो. मग फळाची आशाच सोडली.”

“आणि?”

“तेव्हापासून चेंडू काट्यात जातच नाही. पाहावं तर स्वच्छ गवतावर.”

“अहो, ही तर सिद्धी झाली.”

वच्छला हळूच म्हणाली, “अंगठ्याले काय झालं, सांगान का नाही?”

“काटा रुतला वं. त्याहिचा चेंडू अंगठ्यानं बाहेर सरकवतो न मी. नाही तं शिव्या देते.”

“त्याहिले दिसत नाही?”

“चेंडू मारला का डोळे मिटून उभे राहते.”

मागून आवाज आला, “उद्या कमिशनरसाहेबांशी सामना आहे. त्या नत्थूला येऊ नको म्हणून निरोप धाडतो. मागे कोणी घुटमळलं की माझी समाधी मोडते.”

गाडीची घंटा झाली. वच्छला गाठोडं घेऊन उठली.

“बस वं खाली,” नत्थूजी म्हणाला. “उद्या अंगठ्याले आरामच हाय.”