रॉकीला मोकळं सोडलं तेव्हा

हसू नका, पण ते बाबा भेटतील या धास्तीनं मी अजून म्हसावदच्या एसटीत बसत नाही.

शहाद्यात आम्ही कुत्रेवाले सकाळी कॉलनीमागच्या मैदानावर जमतो आणि कुत्री मोकळी सोडतो. तिथले साहेबलोक कुत्र्यांशी इंग्रजीत बोलतात, म्हणून मीही. घरी रॉकीला भाकर घालते माझी आई, आणि ती त्याच्याशी अहिराणीतच बोलते.

त्या दिवशी म्हसावदचे एक म्हातारे बाबा मैदानातून स्टँडकडे निघाले होते. रॉकी धावत गेला, बाबा पडले, आणि हा त्यांच्या छातीवर पाय ठेवून भुंकायला लागला. मी ओरडतोय, "रॉकी, नो! कम! सिट!" तो ढिम्म हलेना. काय म्हटलं की तो ऐकतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण सगळे साहेब बघत होते ना!

शेवटी बाबाच खालून म्हणाले, "खाले बस रे भो!"

रॉकी मुकाट बसला.

मी बाबांना उठवलं. धोतर झटकत त्यांनी विचारलं, "याले आपली बोली कोणी शिकाडी?"

"मन्ही मायनी."

"मंग तुले नही शिकाडी का?"