गादीवाल्यांचा पूर

मुलगी: ओढा काकू, ओढा! मी खालून रेटते. बाबा, दोर सोडू नकोस हं मध्येच.

बाबा: मी कशाला सोडतोय? कप्पीच कुरकुरतेय.

काकू: तुमची कप्पी कुरकुरते, माझी कंबर बोलते. आली एकदाची झडपेतून वर! आता मात्र माझ्या खोलीत मुंगी शिरायला जागा नाही. पलंगाखाली गाद्या, कपाटावर गाद्या. आणखी किती आहेत?

बाबा: ही शेवटची. डबलबेडची आहे, तेवढी खिडकीशी उभी करा.

काकू: खिडकीशी उभी केली तर मी घड्याळं काय अंधारात चाचपून दुरुस्त करू?

बाबा: मग दाराशी.

काकू: दाराशी तुमच्या उशांचा डोंगर झालाय. राहू दे, बघते मी काय ते. चहा टाकते. दोघंही दम खा जरा.

मुलगी: हुश्श. बाबा, आता मला एक सांग. हा सगळा खटाटोप कशासाठी?

बाबा: कशासाठी म्हणजे? नदी किती फुगलीय बघितलंस ना?

मुलगी: फुगू दे की. पाणी आपल्या रस्त्यावर येणार नाहीये. नवा कालवा मग कशाला खणला? जादा पाणी शहराच्या अलीकडेच वळवायचं आणि बाहेरून नेऊन खाली सोडायचं. सकाळपासून रेडिओवर तेच तर चाललंय.

बाबा: रेडिओला काय जातंय बोलायला? त्याच्या गाद्या भिजत नाहीत.

मुलगी: औषधवाल्याने एक बाटली हलवलेली नाही. चपलावाल्याने तर सेल लावलाय. सगळी पेठ पुलावर गेलीय, पाणी न येण्याची मजा बघायला. आणि आपण दोघं सकाळपासून गाद्या टांगतोय. लोक हसत होते बाबा, येता-जाता.

बाबा: हसू देत. अगं, हा रस्ता म्हणजे मुळात कालवाच. माझ्या आजोबांच्या काळात इथून कापसाच्या नावा यायच्या, दारात लागायच्या, म्हणून तर त्यांनी गादीचं दुकान इथं काढलं. पुढे कोणा शहाण्यांनी कालवा बुजवला, वर डांबर ओतलं, झाली मुख्य बाजारपेठ. पण पाण्याला कोणी सांगितलंय का? ते आपलं जुन्याच वाटेनं येतं.

मुलगी: पाठ आहे मला सगळं. रस्ता असा वेडावाकडा का? कालवा वाकडा होता. चौकात बस उसळते कशी? तिथे पुलाची कमान होती. बँक, कचेऱ्या, सराफ सगळे टेकडीच्या अंगाला का सरकले? तिथे पाणी पोचत नाही. आणि आपल्या दुकानात दिव्याची बटणं माझ्या डोक्याच्याही वर का, ते तर विचारूच नकोस. दहावीपर्यंत मी स्टुलावर चढून दिवा लावलाय.

बाबा: एवढं सगळं माहीत असून तू म्हणतेस...

मुलगी: एवढं माहीत आहे म्हणूनच म्हणते. गादीचं दुकान काढायला अख्ख्या शहरात याहून गाढव जागा दुसरी नव्हती. आज पहिल्यांदा ती बरी झालीय. तू खरं तर नाचायला हवंस! आणि तू तोंड असं पाडून बसलायस की वाटावं, पूर आला नाही म्हणून आपलं नुकसान झालं.

बाबा: तसं नाही काही. थकलोय मी.

मुलगी: मग ऐक, थकवा जाईल. उद्या गवंडी येतोय.

बाबा: गवंडी? कशाला?

मुलगी: ही छताची झडप बुजवायची. हे मोठ्ठं चौकोनी भोक आता कशाला हवंय? खालून छान पांढरं छत करू, त्यात दिवे लावू. जमिनीपर्यंत काच, आत दोन पलंग मांडलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला बघूनच झोप आली पाहिजे.

बाबा: काच लाव. दिवे लाव. पलंग मांड. झडप राहू दे.

मुलगी: का?

बाबा: हवा येते.

मुलगी: हवा? वरून काकूंनी कांदा परतल्याचा वास येतो. गिऱ्हाईक गादी दाबून बघायच्या आधी विचारतं, इथे जेवण मिळतं का.

बाबा: आजोबांनी पाडलेली झडप आहे ती. आठवण नको?

मुलगी: आजोबांचा तो टेबलपंखा तू भंगारात घातलास, तेव्हा आठवण कुठे गेली होती?

बाबा: तो शॉक मारायचा. बरं, ते सोड. व्यायाम होतो.

मुलगी: कसला व्यायाम?

बाबा: गाद्या वर चढवायचा. या वयात हातपाय हलते हवेत, डॉक्टरच म्हणाले.

मुलगी: डॉक्टर म्हणाले, सकाळी फिरायला जा. गाद्या टांगा असं म्हणाले नाहीत. बाबा, इकडे बघ. नीट बघ माझ्याकडे.

बाबा: काय आहे?

मुलगी: हा शर्ट नवा आहे.

बाबा: छे! जुनाच.

मुलगी: कॉलरचा पुठ्ठा काढायला विसरलायस तू. बाबा, पुराला कोणी नवा शर्ट घालतं? आणि दाढी? रविवारी मामाकडे जायचं होतं तेव्हा तू म्हणालास, राहू दे, घरचीच माणसं आहेत. आज चकाचक! आणि खिशात काय फुगलंय ते?

बाबा: काही नाही. पत्त्यांचा कॅट आहे.

मुलगी: पत्ते?

बाबा: पुरात वेळ जात नाही.

मुलगी: बाबा...

बाबा: असं लांबवून बाबा म्हणू नकोस. तुझी आई अशीच लांबवून हाक मारायची आणि मग मला सगळं सांगावं लागायचं.

मुलगी: मग सांग ना. मी काही खात नाही तुला.

बाबा: काय सांगू? हसशील.

मुलगी: नाही हसणार.

बाबा: आत्ताच हसतेयस.

मुलगी: हे बघ, थांबले.

बाबा: तुझी आई गेली त्या वर्षीचा पूर तुला आठवत नसेल. तू कडेवर होतीस. वरच्या बाईंचे यजमानही नुकतेच गेले होते. पाणी आलं, गाद्या वर गेल्या आणि गाद्यांपाठोपाठ आपण. दुसरं जाणार कुठे? तू गाद्यांच्या ढिगावर झोपलीस. मी खिडकीत बसून खाली बघत होतो. रस्त्यातून बँकेचे साहेब छत्री उघडून होडीतून चालले होते, पाऊस थांबला होता तरी. बाई हसल्या. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो मी त्या दिवशी.

मुलगी: हे मला कधी सांगितलं नाहीस तू.

बाबा: यात सांगण्यासारखं काय आहे? मग पुढच्या पुरातही तेच. बाई खिडकीशी बसून घड्याळं उघडायच्या, मी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचो. शिळाच पेपर, नवा येणार कुठून? संध्याकाळी पत्ते. त्या लबाडी करतात पत्त्यांत, तोंड अगदी सरळ ठेवून. त्यांच्या स्टोव्हवर त्या काहीतरी शिजवायच्या, मी भांडी घासायचो. बस. एवढंच. पाणी उतरलं की झाडू घेऊन खाली यायचं आणि चिखल काढायचा. सगळी पेठ सुटलो म्हणायची. मी पण म्हणायचो. पण खरं सांगू? मला वाटायचं, उतरलं कशाला इतक्या लवकर?

मुलगी: गादीवाला आणि पुराची वाट बघतोय!

बाबा: बघ, म्हणून सांगत नव्हतो. लोकांचा माल जायचा, लोक रडायचे, आणि मी आपला आतल्या आत खूश. लाज वाटायची मला. पण वर गेलं की घरी आल्यासारखं वाटायचं गं. दुकानामागे आपलं घर आहेच की, नाही कशाला म्हणू? तरी पण तसं वाटायचं.

मुलगी: आणि मधल्या वर्षांत? पूर नसेल तेव्हा?

बाबा: तेव्हा काय? काय गादीवाले, बरं आहे ना? हो, बरं आहे. गरम होतंय. हो, होतंय. संपलं.

मुलगी: अरे, पण काकू वरच राहतात! तुमच्या दोघांत एक लाकडी फळी आहे फक्त. जाऊन बोलायचं ना सरळ.

बाबा: काय बोलायचं? पूर आला की कोणी विचारत नाही, का आलात? पाणी आलं म्हणून आलो. लोकही काही म्हणत नाहीत, त्या तर नाहीच नाहीत. पण कोरड्या दिवशी नवा शर्ट घालून दारात उभा राहिलो आणि त्या म्हणाल्या, काय काम होतं? तर काय सांगू? गादी विसरलो वर?

मुलगी: म्हणून आज रेडिओ ओरडून सांगतोय तरी गाद्या वर चढवल्यास.

बाबा: मला वाटलं, कालवा नवा आहे. एखाद्या वेळी फुटेल. म्हणजे फुटावा असं नाही! कुणाचं काही वाईट न होता, थोडंसं, आपल्या पायरीपुरतं पाणी आलं असतं तर...

मुलगी: बाबा, तू काय माणूस आहेस रे!

बाबा: आता नाहीच येणार, ना?

मुलगी: नाही रे. आता नाही येणार.

बाबा: मग त्या झडपेचं तरी एवढं काय? राहू दे की. मी काही तिच्यातून जाणार नाहीये. नुसती आहे, एवढं माहीत असलं तरी मला पुरे.

काकू: चहा झालाय.

मुलगी: अगंबाई.

बाबा: झडप उघडी होती?

मुलगी: गादी वर गेल्यावर बंद कोणी केली? तू केलीस?

बाबा: मी तू करशील म्हणून... बाई, तुम्ही कधीपासून आहात तिथे?

काकू: माझंच घर आहे हे. लग्न झाल्यापासून आहे.

बाबा: तसं नव्हे. तुम्ही काही ऐकलंत का?

काकू: मी घड्याळांची बाई. भिंतीपलीकडचं घड्याळ मागे पडलं तरी मला कळतं. तुम्ही तर ओरडून बोलत होतात.

बाबा: माफ करा. मी आपलं असंच, पोरीशी गप्पा...

काकू: पत्त्यांत मी लबाडी करते?

बाबा: नाही, म्हणजे, एखाद्या वेळी.

काकू: दरवेळी करते. तुम्ही पकडत का नाही, याचंच मला नवल वाटायचं. पोरी, उद्या गवंडी किती वाजता येणार?

मुलगी: सकाळी, काकू. पण आता राहू दे म्हणते मी. छत नंतर बघू.

काकू: नंतर कशाला? बुजवून टाक ती झडप.

बाबा: बुजवू?

काकू: हो, चांगली पक्की बुजवा. खालून कापसाची धूळ येते, घड्याळांत जाते. हिवाळ्यात गार वारा येतो. भोकच ते शेवटी, त्याचं काय कौतुक?

बाबा: बरोबर आहे तुमचं. बुजवू उद्या. गाद्या तेवढ्या आत्ताच उतरवून घेतो, तुमची अडचण नको.

मुलगी: काकू, अहो...

काकू: तू थांब गं जरा. गादीवाले, तुमच्या कॉलरमधला तो पुठ्ठा आधी काढा, मान आखडेल. आणि वर बघा. मी पडदे धुतलेत.

बाबा: काय?

काकू: पडदे. नदी चढतेय असं परवा ऐकलं आणि मी पडदे धुवायला काढले. दरवेळी धुते. गाद्यांसाठी पडदे कोण धुतं? परवापासून मीही त्या रेडिओवर चिडलेय. नाही येणार, नाही येणार, एकच पालुपद!

मुलगी: मला पुलावर जायचंय. सगळे तिथेच आहेत ना, मीही जरा बघून येते पाणी.

बाबा: आत्ता? चहा झालाय म्हणतात त्या.

मुलगी: मला नको चहा. पित्त होतं. येते मी!

बाबा: हिला कधीपासून पित्त? गेली सुद्धा. बाई, मी काय म्हणत होतो...

काकू: काही म्हणत नव्हतात. इतक्या वर्षांत काही म्हणाला नाहीत, तेच तर माझं म्हणणं आहे. नदी भरायची, रस्ता बुडायचा, लोकांची दुकानं धुऊन निघायची, मग कुठे तुम्ही वर यायचात. जिन्याला काय धाड भरली होती?

बाबा: येऊ?

काकू: चपला खाली काढा. पायऱ्या आत्ताच पुसल्यात.