चार मिली समुद्र

नाही, पण 'किंवा' कशाला लिहायचं? मला एवढंच सांगा! कागदावर छापलंय, पाण्याचा निळा रंग जाऊन नारिंगी, लाल किंवा गुलाबी होईपर्यंत थेंब टाकत राहा. अहो, नारिंगी आणि गुलाबीच्या मध्ये अख्खं साड्यांचं दुकान बसतं! आणि मी सिरिंज धरून उभी, एक थेंब टाकला, निळं, दुसरा टाकला, निळंच, तिसरा टाकणार तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली, मी दचकले... किती थेंब गेले देव जाणे. बाटलीत बघते तर भलताच रंग. आता तुम्हीच सांगा, याला गुलाबी म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, बाई, पाणी कसलं? समुद्राचं. कुठे? शिवऱ्यात, आमच्या भोर तालुक्यात. हसू नका! वरंध घाट उतरून पार कोकणात गेल्याशिवाय भोरच्या माणसाला समुद्र दिसत नाही, पण आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेच्या टाकीत समुद्र आहे. आमच्या ह्यांचा, अमृतचा. लोक म्हशी पाळतात, कोंबड्या पाळतात, ह्यांनी पोवळी पाळलीत. जिवंत! लाईट गेली की पंखे बंद, फ्रीज बंद, आम्ही सगळे वर्तमानपत्रानं वारा घेतोय, आणि इन्व्हर्टरवर कोण? मासे! आमचे सासरे, आबा, टाकीपुढे उभे राहून अजून विचारतात, "यातनं अंगठीला किती पोवळी निघत्याल?"

तर हे गेले कंपनीच्या ट्रेनिंगला चेन्नईला. जाताना मला म्हणाले, "नूतन, तुझं केमिस्ट्री आहे ना? मग मला काळजीच नाही." अहो, केमिस्ट्री आहे म्हणून काय झालं? प्रॅक्टिकलला सर मागून नुसतं "हं" म्हणाले तरी मी चंबू सोडून द्यायचे!

काम तसं सोपं. रोज टाकीतलं चार मिली पाणी छोट्या काचेच्या बाटलीत घ्यायचं, त्यात रंगाचे थेंब टाकायचे, पाणी निळं होतं, मग सिरिंजनं ॲसिड, थेंब थेंब. रंग पालटला की थांबायचं. जितकं ॲसिड जास्त लागलं तितकी पाण्याची अल्कलिनिटी जास्त, म्हणजे आपल्या भाषेत पाण्यातला खार. त्या खारावरच पोवळी स्वतःची हाडं बांधतात म्हणे. सिरिंजवरून काढलेला आकडा आठ-नऊ आला तर छान. कमी आला तर डब्यातल्या पावडरीचं पाणी घालायचं, जास्त आला तर बंद.

आणि त्यात एक पोवळं आहे... बोटं बोटं असलेलं, टोकाशी पोपटी, पाण्यात नुसतं झुलत असतं. हे मला बघायला आले होते ना, तेव्हा सगळे पगार विचारतायत, शिक्षण विचारतायत, आणि ह्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून मोबाईलवर मला त्याचा फोटो दाखवला. "मरायला टेकलं होतं, मी जगवलंय." मी तिथेच हो म्हटलं. म्हटलं, हा माणूस मलाही सांभाळेल. आणि आता ते माझ्या ताब्यात! लग्नाला चार महिने झालेले. मेलं तर ह्यांना तोंड कसं दाखवू?

पहिल्या दिवशी आठ आला. दुसऱ्या दिवशी अकरा. घाबरून पावडर बंद केली. तिसऱ्या दिवशी बारा! आता मला सांगा, गॅस बंद केल्यावर दूध जास्त उतू जातं का? काही घालत नाही, तरी वाढतंय! म्हटलं, खार वाढत नसेल, मलाच रंग कळत नसेल. सासूबाईंना हाक मारली, "आई, हा गुलाबी आहे का?"

त्यांनी बाटली उजेडात धरली. "गुलाबी कुठला, अबोली हाय ह्यो."

शेजारच्या वनितावहिनी आल्या. त्या ब्लाउज शिवतात, रंगात त्यांचा शब्द शेवटचा. "अबोली न्हाई वो काकू, ह्याला गाजरी म्हणत्यात. थांबा, दोराच आणते." आणि खरंच, दोऱ्यांचा डबा घेऊन आल्या की हो! एकेक रीळ बाटलीला लावून बघतायत. ओसरीवरून आबा ओरडले, "विटकरी हाय, विटकरी!"

"आबा, तुमचा चष्मा इथे फ्रीजवर आहे!"

"विटकरीला चष्मा कशाला लागतोय?"

"आजून एक थेंब टाक गं," सासूबाई म्हणाल्या. टाकला. "हां, आता डाळिंबी झाला." "छे, राणी कलर!" वहिनी म्हणाल्या. अहो, पण तोवर ॲसिड तेरावर गेलं ना! आता तुम्हीच सांगा, याला गुलाबी म्हणायचं का?

ह्यांना फोन लावला. "अहो, तेरा आलाय."

"तेरा? रंग नीट बघितलास? कुठला आला?"

"गाजरी आणि अबोलीच्या मधला."

"...म्हणजे कुठला?"

"वनितावहिनींकडे त्याचा दोरा आहे."

ह्यांनी दोऱ्याचा विषयच सोडला. मग म्हणाले, "पावडर बंदच ठेव."

ठेवली. आणि तुम्हाला सांगते, ते पोवळं मिटायला लागलं. बोटं आत ओढली, पोपटी रंग फिका, खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. खार तेरा, आणि पोवळं उपाशी असल्यासारखं! मला घास उतरेना. सासूबाई म्हणाल्या, "जेव की गं, माशांनी खाल्लं, तू न्हाई खाल्लंस." माझं आपलं एकच, ह्यांना काय सांगू, ह्यांना काय सांगू...

मग एका सकाळी मागच्या दारी गेले. सासूबाई मोरीवर बसलेल्या, पातेली-कढया बाजूला, आणि हातात काय? माझी बाटली! करंगळीला फडकं गुंडाळलंय, चुलीतल्या राखेत बुडवलंय, आणि आतून गरागरा घासतायत!

"आई!!"

दोघीही दचकलो. "आगं, वरडतीस काय! पडली आसती की हातातनं!"

"राखेनं घासता? रोज?"

"मग? तू नुसती इसळून ठेवतीस. औषधाचं भांडं ते, राखंबिगार निघतंय व्हय? चार दिस झालं, जरा जास्तच घासतीया. म्हनलं, पोरगी काळजीत हाय, भांडंच निर्मळ नसंल."

राख! अहो, राख म्हणजे निव्वळ खार! मी काळजी करणार, की त्या जास्त घासणार, की आकडा चढणार, की मी अजून काळजी करणार! आणि मी केमिस्ट्रीवाली रोज ती लख्ख बाटली बघून म्हणायचे, वा, किती स्वच्छ आहे, आणि तशीच वापरायचे! फिल्टरच्या पाण्यानं धुतली, धुतली, पुन्हा धुतली, टेस्ट केली... सहा! टाकीतला खार संपत आलेला, आणि मी पावडर बंद करून बसलेली!

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "माज्या हातनं मेलं का गं ते?"

मला इतकं कसंतरी झालं. "नाही हो आई, आहे अजून. होईल बरं."

"अमृतला सांगशील?"

"नाही सांगत. पण आई, या बाटलीला राख लावायची नाही. कध्धी नाही."

"न्हाई लावनार. तुजी आन!"

मग आम्ही दोघी कामाला लागलो. एकदम घालून चालत नाही, पोवळ्याला सोसत नाही, म्हणून पावडरीचं पाणी थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी. सासूबाई काचेला नाक लावून सांगायच्या, "ह्यानं बोट काडलं बग! ह्येनं बी काडलं!" नातवंडाला दात आल्यासारखं कौतुक. आकडा सातावर, मग आठावर, आणि हे यायच्या आदल्या दिवशी पोवळं पुन्हा झुलायला लागलं. मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

हे आले. पाठीवरची बॅगसुद्धा काढली नाही, तडक टाकीपुढे. "नूतन! काय फुललंय गं!" मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. असं हसलो दोघी, चोरून. मग हे म्हणाले, "थांब, एकदा टेस्ट करूनच बघतो."

बाटली अशी चकाकत होती ना... मला तेव्हाच कळायला हवं होतं! ह्यांनी विसळलीसुद्धा नाही. पाणी घेतलं, रंगाचे थेंब टाकले, आणि ते निळं झालंच नाही! सिरिंज उचललेली नाही, ॲसिडचा एक थेंब नाही, आणि रंग पालटलेला!

हे पांढरेफटक. "शून्य? खारच नाही पाण्यात? मग हे जिवंत कसं?"

मी हळूच म्हटलं, "आई... राख?"

"आगं, तुजी आन घेतलीया, राखंला हात लावीन व्हय? पोरगा येनार म्हनून देवाची भांडी काडली व्हती, त्यातच ही बी चिंचेनं घासली. बग कशी झळकतीया!"

चिंच! खारावर आंबट!

हे डोकं धरून खाली बसले. आवाज ऐकून वनितावहिनी आल्या, डबा घेऊनच आल्या. आबा चष्मा लावून आले. सासूबाईंनी बाटली उजेडात धरली, सगळ्यांनी बघितली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी दोरा काढला नाही, कुणी विटकरी म्हणालं नाही. सगळे एका आवाजात म्हणाले, "गुलाबी!"

आता मी तुम्हाला विचारतही नाही. होता हो. गुलाबीच होता.