पावडरीतले आकडे

नाही हो बाई, तसलं कुणी इथं राहत नाही. हे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचं दुकान आहे, खायची असेल तर बसा, मिरच्या किती घालू तेवढं सांगा — पण 'ती ताकदवान पोरगी कुठाय' असं विचारायला आल्या असाल तर उठा. आज पंधरा तारीख. उद्या सोळा, लॉटरीची सोडत. पंधरा तारखेला मांडीवर पिशवी घट्ट धरून माझ्या बाकावर बसणारी बाई कशाला येते, हे मला शिकवू नका. पावडर असणार पिशवीत, पोरीच्या अंगाला चोळून लॉटरीचा आकडा शोधायला. सकाळपासून चौघं येऊन गेली. शिसारी येते मला, खरं सांगते — तुमची एकटीची नाही, सगळ्यांचीच.

सहा वर्षांची पोर आहे हो ती. माझ्या बहिणीची नात, खाओफोत नाव तिचं. जन्मली तीच अशा टणक पोटऱ्या घेऊन, की शेजारीण म्हणाली, ही पोटातच भात कांडत होती. दोन वर्षांची असताना माझी ही उखळी — ही, हीच — उचलून अंगणात नेली. खोनकेन शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला, दुआनला, समजावून सांगितलं होतं — शरीरात एक निरोप असतो, स्नायूंना 'आता पुरे' म्हणणारा, तो हिच्यात जन्मतःच बिघडलाय, फार क्वचित होतं असं. करणी नाही, चमत्कार नाही. भरपूर खायला घाला आणि दरवर्षी हृदय तपासायला आणा, तोही स्नायूच आहे. एवढंच. पण साधी गोष्ट आमच्या लोकांना पचते होय? केळीला वाकडा घड आला तरी पावडर चोळून आकडा शोधतील, दोन डोक्यांचं वासरू जन्मलं तरी तेच. वासराचं ठीक आहे, वासरू मेलेलं असतं.

आधी शेजारचे आले, मग दुसऱ्या गावचे, मग टेम्पो भरभरून. पोरीला पाटावर बसवायचं, पाठीला, मांड्यांना पावडर चोळायची आणि तोंड जवळ नेऊन बघायचं — इथं सात दिसतो, नाही नाही, एक आहे. एकानं दंडाला चिमटा काढला, खरा आहे का बघायला. सरपंचाच्या बायकोनं तिच्या कमरेला रंगीत फडकं गुंडाळलं, देवाच्या झाडाला गुंडाळतात तसं, आणि पुढ्यात लाल सरबताच्या बाटल्या ठेवल्या, नळ्या घालून, नैवेद्य म्हणून. लेकरूच ते — सगळ्या प्यायली आणि लालभडक ओकली. तर त्या ओकारीतसुद्धा आकडा बघत होते. थूः. आई? आई दिवसभर साखर कारखान्यात, तिला काय कळणार. घरी कोण होतं म्हणता? मी होते.

मी होते म्हणजे — आंघोळ कोण घालणार तिला? मीच घालायची. आंघोळीनंतर लेकरांना पावडर लावतोच की आपण, पांढरीफटक करतो. तशीच लावली एके दिवशी, आणि उजव्या पोटरीवर चार आणि सात. अगदी स्पष्ट. मी काही मुद्दाम बघितलं नाही. बरं — बघितलं. आणि एकाच मैत्रिणीला सांगितलं, शपथ घेऊन सांगते, एकीलाच. लागला सत्तेचाळीस. हा फ्रीज त्यातलाच, बघू नका तिकडं. पुढच्या पंधरा तारखेला मी तिला परत न्हाणीत नेलं, तेव्हा तिची आंघोळ झालेली होती.

शेवटी दुआनला कळलं ते घासणीमुळं. पोरगी भांड्यांची घासणी घेऊन न्हाणीत बसली होती, पोटऱ्या घासत, रक्त येईतो — म्हणाली, हे निघालं की माणसं येणार नाहीत. दुआन मला एवढंच म्हणाली, "मावशी, माझ्या लेकीला तुझे हात लावायचे नाहीत." त्यानंतर बोलत नाही. घर एकच, मी पुढं, त्या दोघी मागं. बरोबरच आहे तिचं. दिवसभर लिंबं पिळते, तरी या हातांचा वास जात नाही मला. किळस येते माझीच.

आता पिशवी कशाला उघडता? नको म्हटलं ना — हे काय? हा तर खाओफोतचा फोटो, तान्हेपणीचा. दवाखान्याचा कागद. तुम्ही डॉक्टरीणबाईंकडच्या? दोन तपासण्या चुकल्या? फोन उचलतच नव्हतो हो आम्ही, अनोळखी नंबर म्हणजे आकडा मागणाराच. गेल्या साली एक बाई आल्या होत्या, अशीच पिशवी होती — झाडू घेऊन हाकललं मी त्यांना. तुमच्यातल्याच होत्या?

धाप? लागते. लागते हल्ली. उखळी उचलत नाही आता, अंगणात धावली की मध्येच बसते. मला वाटलं, बरं झालं, कमी होतंय ते.

मागं जा तुम्ही. पन्हाळीखाली मोठा रांजण दिसेल, उन्हाळ्यात रिकामा असतो. परका आवाज आला की आत उतरते आणि वरचं सिमेंटचं झाकण स्वतः ओढून घेते. मला ते दोन्ही हातांनी हलत नाही. कड फुटलीय झाकणाची, तिथून हवा जाते, तिथूनच बघते ती. नाही — मी हाक मारून उपयोग नाही. माझ्या आवाजाला ती उघडत नाही. तुम्ही जा. पिशवी इथंच ठेवा आणि हात दाखवा तिला, दोन्ही, तळवे वर करून. रिकामे आहेत म्हणावं. जा ना बाई. मी इथंच थांबते.