कॅमेऱ्याच्या पुढचं वळण

हॉर्शमच्या परवाना कचेरीत रांग होती. नोलीनच्या पुढे उभा असलेला, मेंढ्या पाळणारा मर्व्ह ओळख नसतानाही मागे वळून तिला वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाची नोटीस दाखवत होता.

“कॅमेऱ्याने कोणी वाचतं का हो? लोक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतात, पुढे पुन्हा सुसाट!”

“खरंय. ज्याने आमच्या केल्विनला गाडीने उडवलं, तोही कॅमेऱ्यापाशी हळूच चालवत होता.”

“अरेरे! तुमचे यजमान?”

“हो. आमच्या फाटकाबाहेर टपालपेटी उघडत होते. कॅमेऱ्यापुढच्या त्याच वळणावर त्याने गाडी ताशी एकशेतीसवर नेली.”

“बघा! कॅमेरा कुचकामीच.”

“सहा वर्षं अर्ज करून मीच बसवून घेतला तो.”

“बाई, तुमचा काय दोष?”

“तो गाडीवाला तिथे हळू झाला नसता, तर केल्विन फाटकाशी पोचायच्या आत निघून गेला असता हो.”

मर्व्हने नोटीस खिशात कोंबली.

“जा, तुमचा नंबर आलाय,” नोलीन म्हणाली.